कौटुंबिक कायदा आणि मानवाधिकार : पुण्यात वकिली शिकायला येताय तर

दरवर्षी सीईटीचा निकाल लागला, की ओळखीतून कुणी ना कुणी माझ्या ऑफिसात येऊन बसतं. कधी जुन्नरचा मुलगा, कधी बार्शीची मुलगी, मागच्या वर्षी तर माझ्याच मामेबहिणीची लेक. चहा येईपर्यंत प्रश्न ठरलेला: "मावशी, फॅमिली लॉ करू की ह्यूमन राइट्स?" विचारण्याचा सूर असा, की पहिल्यात पैसा आहे आणि दुसऱ्यात पुण्य.

मी कपाटातून पोटगीचा एक जुना अर्ज काढते. चार पानी, नावगाव खोडलेला. तो हातात देऊन म्हणते, यात मानवाधिकार कुठे आहेत ते पेन्सिलीने खूण करून दाखव. बहुतेक जण दहा मिनिटांनी कोराच परत करतात. "यात तर महिना किती हवेत एवढंच लिहिलंय." मग आम्ही दोघं मिळून वाचतो. परिच्छेद तीन: रात्री अकराला सहा महिन्यांच्या बाळासकट घराबाहेर काढलं. परिच्छेद पाच: दहावी-बारावीची प्रमाणपत्रं सासरीच, त्यामुळे नोकरी मिळेना. परिच्छेद सहा: पोलीस चौकीत सांगितलं गेलं, "घरातलं भांडण आहे, घरातच मिटवा." डोक्यावरचं छप्पर, कमावण्याची संधी, सरकारी यंत्रणेने पाठ फिरवणं. एवढं सगळं त्या चार पानांत होतं, फक्त वकिलाने त्याला आकड्याच्या मागे ढकललं होतं.

म्हणून मी दोन्ही विषय वेगवेगळे शिकवत नाही. पुढे जे लिहिते आहे ते नव्याने या वाटेला लागणाऱ्यांसाठी, त्याच क्रमाने जसं मी समोर बसलेल्याला सांगते.

पायरी १ : प्रवेश

बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, पदवीनंतर तीन वर्षांचा. दोन्हींसाठी राज्याच्या सीईटी सेलची विधी सीईटी द्यावी लागते. प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असते. खुल्या वर्गाला आधीच्या परीक्षेत किमान ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. सिंबायोसिससारख्या अभिमत विद्यापीठांची प्रवेश परीक्षा वेगळी.

पुण्यात पर्याय भरपूर आहेत. १९२४ साली सुरू झालेलं आयएलएस विधी महाविद्यालय, ज्याच्यावरून अख्ख्या रस्त्याला लॉ कॉलेज रोड हे नाव पडलं. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं नवलमल फिरोदिया, मराठवाडा मित्र मंडळाचं शंकरराव चव्हाण, एरंडवण्यातलं भारती विद्यापीठाचं न्यू लॉ कॉलेज, गणेशखिंडीचं मॉडर्न, शिवाय इतर काही. नावावर भांडणारे पालक मी खूप पाहिले. माझं मत विचाराल तर तीन गोष्टी विचारून घ्या: तास दुपारच्या आत सुटतात का, विधी सहाय्य केंद्र खरोखर चालतं की फक्त दारावर पाटी आहे, आणि परीक्षेत उत्तरं मराठीतून लिहिता येतात का. तास लवकर सुटत असतील तर दुपारी शिवाजीनगर गाठता येतं, आणि ते का महत्त्वाचं आहे ते पुढे येईलच. हजेरी मात्र ७० टक्के लागते, वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिलचाच नियम आहे.

कुणी "घरबसल्या एलएलबी" देतो म्हणाला तर तिथून उठा. पत्राने मिळालेल्या पदवीवर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही.

पायरी २ : कलमं पाठ करण्याआधी नकाशा काढा

आपल्याकडे कौटुंबिक कायदा एक नाही, हे पहिल्याच आठवड्यात डोक्यात बसायला हवं. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू होतो, हे ऐकून दर वर्षी वर्गात कुणाची तरी भुवई वर जाते. वारसा, दत्तक आणि अज्ञान मुलांचं पालकत्व यांचे तीन कायदे १९५६ चे. डॉ. आंबेडकरांनी हे सगळं एकाच हिंदू संहितेत आणायचा प्रयत्न केला होता, विधेयक रखडलं आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. नंतर ते तुकड्या-तुकड्यांनी आलं. मुस्लिमांसाठी १९३७ आणि १९३९ चे कायदे, ख्रिश्चनांच्या घटस्फोटासाठी १८६९ चा, पारशांसाठी १९३६ चा. धर्म बाजूला ठेवून लग्न करायचं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा, त्यात ३० दिवसांची नोटीस. आणि या सगळ्यांवरून आडवा जाणारा, धर्म न विचारणारा, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा.

गाइडं नंतर घ्या. आधी मूळ कायद्याच्या पातळ पुस्तिका, ज्यांना सगळे बेअर ॲक्ट म्हणतात, त्या घ्या आणि एक खेळ खेळा. एक काल्पनिक बाई घ्या: हडपसरला राहते, लग्नाला नऊ वर्षं, एक मुलगी, नवरा दोन वर्षांपासून सोडून गेलेला. आता तीच बाई हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, आणि विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेली, अशी चार वेळा कागदावर मांडा. हिंदू कायद्यात दोन वर्षांचा परित्याग हे घटस्फोटाचं कारण. १९३९ च्या कायद्यात दोन वर्षं पोषण न करणं हे कारण, आणि नवऱ्याचा ठावठिकाणाच नसेल तर चार वर्षं. ख्रिश्चन बाईच्या रकान्यात थांबा. आज तिलाही दोन वर्षांचा परित्याग पुरतो, पण २००१ च्या दुरुस्तीपर्यंत पुरत नव्हता. तिला परित्यागासोबत नवऱ्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. नवऱ्याला मात्र बायकोचा नुसता व्यभिचार दाखवला की झालं. आता संविधानाचं कलम १४, समानतेचं, उघडा आणि शेजारी ठेवा. मानवाधिकाराचा पहिला धडा इथेच झाला, वेगळी वही लागली नाही.

दुसरा असाच रकाना मुलीच्या वाट्याचा. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्माने हक्क दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्यांना वगळलं. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ची. त्यावर पंधरा वर्षं उलटसुलट निकाल येत राहिले आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हक्क जन्माने आहे, २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही. परीक्षेत एवढं लिहिलं की पैकीच्या पैकी गुण. पण गावाकडून आलेल्या मुलांना मी पुढचा प्रश्न विचारते: तुमच्या आत्याने हक्कसोड पत्रावर सही कधी केली? वर्गात शांतता. हक्कसोड हा शब्द पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटतो, तलाठ्याकडे आणि दुय्यम निबंधकाकडे रोज भेटतो. कायद्याने दिलेला वाटा भाऊबीजेच्या साडीवर परत जातो. पुढे अशी बाई अशील म्हणून आली, तर सही कुणासमोर झाली, वाचून दाखवलं होतं का, मोबदला लिहिलाय का, हे विचारायला आत्ताच शिका.

तिसरी गोष्ट कलमांच्या आकड्यांची. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. पोटगीचं जुनं १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४४ झालं, सासरच्या छळाचं ४९८-अ न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ मध्ये गेलं. बार रूममध्ये अजूनही सगळे "एकशेपंचवीस" असंच म्हणतात, म्हणतच राहतील. तुम्हाला दोन्ही आकडे यायला हवेत, कारण जुनी प्रकरणं जुन्या आकड्यांनी कोर्टात चालू आहेत.

पायरी ३ : निकाल वाचायला शिका, आणि एक घर निवडा

हजार निकालांची यादी करू नका. मी नव्या माणसाला एका पुणेरी घरापासून सुरुवात करायला लावते. यशवंतराव चंद्रचूड पुण्यात जन्मले, आयएलएसमध्ये कायदा शिकले, देशाचे सरन्यायाधीश झाले. शाहबानो प्रकरणाचा १९८५ चा निकाल त्यांनी लिहिला: तलाकशुदा मुस्लिम स्त्रीलाही १२५ खाली पोटगी. त्याच वर्षी सौमित्री विष्णू प्रकरणात त्यांनी व्यभिचाराचं कलम ४९७ वैध ठरवलं. आणि त्याआधी, आणीबाणीत, १९७६ च्या एडीएम जबलपूर प्रकरणात, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोर्टात दाद मागता येणार नाही असं ठरवणाऱ्या निकालात, ते बहुमताच्या बाजूला होते. आता चिरंजीव धनंजय चंद्रचूड. खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात त्यांनी एडीएम जबलपूर चूक होतं असं लिहिलं. २०१८ मध्ये जोसेफ शाईन प्रकरणात कलम ४९७ रद्द करणाऱ्या पीठात ते होते.

हे सगळे निकाल तारखेच्या क्रमाने वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या स्वतःच्या पोर्टलवर फुकट मिळतात. एका घरात, चाळीसेक वर्षांत, "नवराबायकोचं खासगी" आणि "नागरिकाचं स्वातंत्र्य" हे दोन प्रवाह एकमेकांत कसे मिसळले ते उलगडत जाईल. शाहबानोच्या पुढचा धागाही सोडू नका: तलाकशुदा मुस्लिम स्त्रियांविषयीचा १९८६ चा कायदा, त्याचा अर्थ लावणारा २००१ चा डॅनियल लतीफी, तिहेरी तलाकवरचा २०१७ चा शायरा बानो, आणि जुलै २०२४ चा मोहम्मद अब्दुल समद, ज्यात १२५ ची वाट मुस्लिम स्त्रीला खुली आहे हे पुन्हा ठणकावून सांगितलं गेलं.

निकाल वाचताना आधी तथ्यं वाचा, "प्रतिष्ठित विधिज्ञांचा युक्तिवाद" हा भाग पहिल्या वाचनात ओलांडला तरी चालतो. स्वतःला विचारा, बाई कुठे राहत होती, किती शिकली होती, किती वर्षं कोर्टात होती. एका ओळीत निकालाचं सार लिहिता आलं नाही, तर तुम्ही तो वाचलेला नाही.

एक निकाल मी मुद्दाम राग आणण्यासाठी देते. शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४. प्रकरण पुण्याचं, १९८२ सालचं. नवविवाहितेचा मृत्यू, तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं पुराव्यात, खाली शिक्षा, आणि सर्वोच्च न्यायालयात नवरा निर्दोष सुटला. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वं याच निकालातली, देशभर आजही रोज उद्धृत होतात. स्त्रियांच्या बाजूने काम करायला आलेली मुलं हा निकाल वाचून चिडतात. चिडावं. पण आरोपीलाही हक्क असतात, हे ज्याला पचत नाही त्याने मानवाधिकाराचं नाव घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. त्याच पंगतीत २०१४ चा अर्नेश कुमार निकाल वाचा: ४९८-अ मध्ये अटक आपोआप करायची नाही, कारणं लिहायची. तुमच्याकडे उद्या सासूही येईल, साठीची, मधुमेहाची, जामिनासाठी. तिला काय सांगाल?

पायरी ४ : मानवाधिकार जिनिव्हात शोधू नका

इथे नवखे हमखास घसरतात. करारांची नावं, वर्षं, कलमं पाठ करतात आणि पोलीस ठाण्यात काय लिहून द्यायचं ते येत नाही. करार थोडक्यात माहीत हवेत. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात "सर्व पुरुष" ऐवजी "सर्व माणसं" हा शब्द यावा म्हणून भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता भांडल्या. नागरी आणि आर्थिक हक्कांचे दोन करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारले. स्त्रियांविषयीचा करार १९९३ मध्ये मान्य केला, पण एक मेख ठेवून: विवाह आणि कुटुंब यांबाबत कोणत्याही समाजाच्या पुढाकाराशिवाय व संमतीशिवाय त्याच्या खासगी बाबींत हात घालणार नाही, असं निवेदन जोडलं. कौटुंबिक कायदा आणि मानवाधिकार यांच्यातली सगळी ओढाताण त्या एका वाक्यात आहे. प्रबंधाला विषय शोधत असाल तर हा घ्या.

बाकी सगळं घरचंच. संविधानाची कलमं १४ (समानता), १५ (भेदभावाला बंदी), २१ (जीवित आणि स्वातंत्र्य), आणि उच्च न्यायालयाचं दार म्हणजे २२६. मग १९९३ चा मानवी हक्क संरक्षण कायदा. त्याखालचा राज्य आयोग मुंबईत आहे, तक्रारीला फी नाही, मराठीत लिहिलेली चालते, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत. आणि सगळ्यात महत्त्वाचं: आयोग लोकसेवकाने केलेलं उल्लंघन किंवा त्याने ते रोखण्यात केलेली हयगय पाहतो. "नवरा मारतो" ही आयोगाची तक्रार होत नाही. "नवरा मारतो म्हणून तीन वेळा चौकीत गेले आणि तीनही वेळा नोंद न घेता परत पाठवलं" ही होते. तीनही तारखा, वेळ, ड्यूटीवर कोण होतं, हे लिहिलेलं हवं. माझ्या पहिल्या तक्रारीत मी चार पानं भावना लिहिल्या आणि तारीख एकही नाही. सिनिअरांनी ती माझ्यासमोर चौघडी करून परत दिली, काही बोलले नाहीत.

आपल्या राज्यातला एक कायदा या दोन विषयांच्या बरोबर सांध्यावर बसतो, आणि अभ्यासक्रमात त्याला फार तर अर्धं पान मिळतं: सामाजिक बहिष्कारापासून संरक्षणाचा २०१६ चा कायदा, जुलै २०१७ पासून लागू. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. आंतरजातीय लग्न केलं म्हणून जात पंचायतीने वाळीत टाकलं, घटस्फोट पंचायतीतच घ्यायला लावला, नवरीची कौमार्य चाचणी घेतली आणि विरोध करणाऱ्यांना लग्नकार्यातून उठवलं, हे सगळं दूर कुठे घडलेलं नाही, पिंपरीतल्या तरुण मुलामुलींनी २०१८ मध्ये याविरुद्ध आवाज उठवला होता. हा कायदा मूळ मराठीत वाचा, छोटा आहे.

पायरी ५ : शिवाजीनगर

मेट्रोच्या दोन्ही मार्गिका जिथे मिळतात त्या जिल्हा न्यायालय स्टेशनवर उतरा. आवारात सत्र न्यायालय, दिवाणी, फौजदारी, आणि जवळच कौटुंबिक न्यायालयाची स्वतंत्र इमारत. पांढरा सदरा, काळी पँट किंवा पांढरा सलवार-कुर्ता. बँड आणि गाऊन सनद मिळाल्यावर, त्याआधी घालून फोटो काढू नका, शिपाईसुद्धा हसतात.

पहिले पंधरा दिवस काही करायचं नाही, ऐकायचं. बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी. पुकारा झाला आणि पक्षकार चहाला गेलेला असला तर काय होतं ते पाहा. जाबदाराच्या, म्हणजे समोरच्या पक्षाच्या, वकिलाने "से" द्यायला मुदत मागितली, म्हणजे अर्जावर त्याचं म्हणणं मागितलंय. मूळ दाव्याला उत्तर देतात ती कैफियत. कागदाला नंबर पडतो ती निशाणी. दोन ओळीत कोर्टाला काही कळवायचं तर पुरसीस. तडजोड झाली तर तडजोडीची पुरसीस, तिच्यावर दोघांच्या सह्या. रोजनाम्यात आज काय झालं ते लिहिलेलं असतं. प्रत हवी तर नकलेचा अर्ज. हे शब्द परीक्षेत विचारत नाहीत, पण आले नाहीत तर सहा महिने तुम्ही बहिऱ्यासारखे फिराल. प्रकरण घरून पाहायचं तर ई-कोर्ट्सचं ॲप घ्या, प्रकरणाचा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की तारखा दिसतात.

कौटुंबिक न्यायालय इतर कोर्टांसारखं वागत नाही, ते १९८४ च्या कायद्यामुळे. कलम ९: आधी समेटाचा प्रयत्न. कलम १४: पुराव्याचे कडक नियम सैल. कलम १३: वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालय परवानगी देतं. प्रत्यक्षात वकील दिसतातच, पण तारतम्याने बोलतात. विवाह समुपदेशकांच्या खोलीबाहेर बसलेली माणसं पाहा: एका टोकाला ती आणि तिची आई, दुसऱ्या टोकाला तो आणि त्याचा भाऊ, मधल्या चार खुर्च्या रिकाम्या. मुलांच्या भेटीच्या दिवशी खाऊची पिशवी घेऊन अर्धा तास आधी येऊन बसलेला बाप पाहा. ताब्याच्या प्रकरणात "मुलाचं कल्याण सर्वोपरी" हे वाक्य १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यापासून सगळे म्हणतात, त्याचा अर्थ त्या बाकावर कळतो.

कलम ११ प्रमाणे पक्षकाराने मागितलं तर सुनावणी बंद दाराआड होते. बाहेर जा म्हटलं की जा. आणि जे ऐकलं ते स्टेटसला टाकायचं नाही, नाव बदलूनही नाही. पुणं मोठं झालं असलं तरी सदाशिव पेठेतली गोष्ट कोथरूडला पोचायला एक दिवस लागतो.

कुठलं प्रकरण कुठे चालतं, याचा गोंधळ पहिल्या वर्षी सगळ्यांचा होतो. घटस्फोट, ताबा, शहरातला पोटगीचा अर्ज कौटुंबिक न्यायालयात. ज्या तालुक्यात कौटुंबिक न्यायालय नाही तिथे पोटगीचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज कलम १२ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, संरक्षण अधिकाऱ्यांचा अहवाल असेल तर तोही सोबत. कायदा म्हणतो ६० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा. "प्रयत्न" या शब्दाखाली दोनदा रेघ ओढा.

पायरी ६ : इंटर्नशिप

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्यात २० आठवडे, आणि एका वर्षात सलग चारच्या वर नाही. बहुतेक जण यातला मोठा भाग एखाद्या चकचकीत कॉर्पोरेट फर्मच्या प्रमाणपत्रावर घालवतात. तुम्ही निदान चार आठवडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आणि चार एखाद्या स्त्री-समुपदेशन केंद्रात द्या. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला आणि मुलांना फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे दहातल्या नऊ बायकांना माहीत नसतं, असं मी छातीठोकपणे सांगते, कारण रोज सांगावं लागतं.

ट्रायल कोर्टाच्या वकिलाकडे काम मिळालं तर एकच गोष्ट मागा: मालमत्ता आणि दायित्वांचं शपथपत्र भरायला द्या. ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंना ते द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. सरावासाठी आधी स्वतःच्या घराचं भरा. वडिलांचा पगार, भिशी, एलआयसीचे हप्ते, आईचं सोनं, गावची जमीन कुणाच्या नावावर. आईच्या रकान्यात किती कमी लिहिता येतं ते पाहिलंत, की परक्या बाईचं शपथपत्र भरताना काय विचारायचं ते आपोआप सुचतं. माझ्या एका विद्यार्थ्याने हे केलं आणि घरी दोन दिवस अबोला होता. मी त्याबद्दल क्षमा मागितली नाही.

पायरी ७ : सनद आणि पहिली तीन वर्षं

पदवीनंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार प्रकरणात सांगितलं, की नोंदणी शुल्क खुल्या वर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, यापेक्षा जास्त घेता येणार नाही. मग अखिल भारतीय बार परीक्षा, त्यात टिपा नसलेले बेअर ॲक्ट जवळ ठेवता येतात. पायरी दोनमध्ये पातळ पुस्तिका घ्या म्हटलं ते इथे उपयोगी पडतं, कारण कोणतं कलम कोणत्या पानावर आहे ते हाताला माहीत असतं.

न्यायाधीश व्हायचं असेल तर एक बदल ध्यानात ठेवा. २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. त्यामुळे थेट क्लासला बसून परीक्षा, हा रस्ता आता बंद. मला यात वाईट काही दिसत नाही.

पैशांबद्दल कुणी खरं सांगत नाही म्हणून सांगते. पहिली दोन वर्षं बेतासबात असतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. शिफारस. मी स्वतः सुरुवातीला कॉट बेसिसवर राहिले, सकाळी शिकवण्या घेतल्या, दुपारी कोर्ट. सिनिअर निवडताना पैशाइतकंच हे पाहा, की ते तुम्हाला अशिलासमोर बसू देतात का. फक्त तारखा घ्यायला पाठवणाऱ्याकडे वर्षभर राहिलात तर वर्ष गेलं. विधी सेवा प्राधिकरणाचं पॅनेल, संस्थांचे कायदा सल्लागार, महिला व बालविकास विभागातली पदं (त्याचं आयुक्तालय पुण्यातच आहे), मध्यस्थीचं प्रशिक्षण, या वाटा तिसऱ्या वर्षानंतर उघडतात.

आणि पहिला वकालतनामा, म्हणजे अशिलाने वकिलाला दिलेलं अधिकारपत्र, तुमच्या नावाने येईल तेव्हा, बाई समोर बसलेली असताना, सही घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. एक, हा फोन रात्री कुणाच्या हातात असतो? मी पहिल्या वर्षी एका अशिलाला पुढची तारीख मेसेज केली आणि तो तिच्या दिराने वाचला. तेव्हापासून माझ्या डायरीत प्रत्येक नावापुढे दोन नंबर असतात, दुसरा माहेरचा किंवा मैत्रिणीचा, आणि फोन करायची वेळ. दुसरी, प्रमाणपत्रं, आधार, मुलाच्या जन्माचा दाखला, पासबुक यातलं काय-काय आज तुझ्याजवळ आहे? जे नाही त्याची यादी त्याच दिवशी करा, आणि अर्जात परिच्छेद तीनच्या आसपास लिहा, म्हणजे कोर्टाला ते मागता येईल.